कपाटातलं रोप सगळ्यात उंच निघालं

सोमवारी सकाळी कपाट उघडलं आणि माझी पंचाईत झाली.

बारा दिवसांपूर्वी, मुलांच्या आपापल्या पेल्यांशिवाय, आम्ही आणखी दोन पेल्यांत घेवड्याची बी पेरली होती. एक पेला खिडकीत ठेवला, दुसरा कपाटात, घोटीव कागदांच्या गठ्ठ्यामागे. पेरताना मी वर्गाला ठासून सांगितलं होतं, "उजेड मिळाला नाही तर झाड वाढत नाही. बघाच तुम्ही." वीस मुलं, चार-साडेचार वर्षांची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलं घरी गेली की मी कपाटाचं दार जरासं किलकिलं करून, हात आत घालून, न बघताच पाणी ओतत होते. बघण्यासारखं आत काही असेल असं मलाच वाटत नव्हतं.

आणि सोमवारी कपाटातून निघालं ते दीड वीत उंच. खिडकीतलं वीतभरही नव्हतं.

"ताई, कपाटातलं जिंकलं!"

टाळ्या झाल्या. एकीने लगेच सुचवलं, सगळेच पेले कपाटात ठेवू या, म्हणजे सगळ्यांची झाडं मोठी होतील. तिच्या बाजूने बघितलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने बघितलं, उंची लावली आणि ठरवलं. चुकलं होतं ते माझं वाक्य.

चौदा वर्षं मी बालवर्गाला शिकवतेय. वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. इतकी वर्षं हे वाक्य मी दर वर्षी म्हणत आले, पण कपाटात पेला ठेवून बघायची वेळ कधी आली नव्हती, कारण भिंतीवर तक्ता होता. तुम्ही पाहिलाच असेल तो: बी, अंकुर, रोप, फूल, फळ आणि बाणांनी जोडलेलं गोल. तक्त्यात कपाट नसतं.

मी वेळ काढायला म्हणून विचारलं, "जिंकलं ना? मग नीट बघा बरं. कसं दिसतंय?"

"पिवळं."

"दोऱ्यासारखं."

"त्याची पानं एवढीशीच आहेत."

"त्याला झोप आलीय." हे खरंच होतं. पेला हातात धरला तसं ते रोप एका बाजूला कलंडलं आणि तसंच पडून राहिलं.

त्या दिवशी मी काय सांगितलं ते इथे लिहिते, कारण तक्त्यापेक्षा ते बरं होतं. अंधारात उगवलेल्या रोपाच्या लेखी ते अजून मातीखालीच असतं. मातीखाली पानं पसरून करायचं काय? हिरवं तरी कशाला व्हायचं? (त्याला व्हायचं असलं तरी होता येत नाही, पानातलं हरितद्रव्य पुरतं तयार व्हायलाच उजेड लागतो.) तेव्हा होतं नव्हतं ते सगळं उंचीत घालायचं आणि लवकरात लवकर वर पोचायचं. बीच्या दोन जाड दळांत शिदोरी बांधलेली असते, हे मुलांना माहीत होतं. भिजलेली बी आम्ही आधी उघडून पाहिली होती. मी म्हटलं, हे उजेड शोधत धावत सुटलंय आणि धावता धावता शिदोरी संपत आलीय.

मग सगळ्यांचा जीव कळवळला. पेला ताबडतोब खिडकीत गेला. दोन दिवसांत पानं हिरवी झाली. खोड मात्र शेवटपर्यंत लेचंपेचंच राहिलं, काडी बांधून उभं करावं लागलं.

या सगळ्याची सुरुवात झाली होती ती एका उकरणाऱ्या मुलापासून. त्याला इथे उकऱ्याच म्हणते. पेरणी झाल्यापासून रोज सकाळी दप्तर टाकलं की तो आपल्या पेल्यात बोट घालायचा. दोनदा रागावले. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय करतोयस?"

"आहे का बघतो."

"काय आहे का?"

"माझी बी."

चौथ्या दिवशी त्याने उकरून काढली तेव्हा बीला इवलंसं पांढरं शेपूट फुटलं होतं, आणि ते मोडलं. तो रडला नाही. तळहातावर दोन्ही तुकडे घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "हे हिच्या आत होतं?"

मी पेरणीच्या दिवशी केवढं तरी बोलले होते, त्यातलं काहीही त्याला इतकं लागलं नव्हतं. आपण चार वर्षांच्या मुलाला सांगतो, वस्तू मातीत पुरून ठेव, आठवडाभर तिकडे बघू नकोस, आणि तिथे काहीतरी घडतंय यावर विश्वास ठेव. मोठ्या माणसांना हे जमत नाही. भातुकलीतली बशी दिसेनाशी झाली तर शोधतात ना मुलं? मग बी का नाही शोधणार?

दुसऱ्या दिवशी घरातल्या रिकाम्या काचेच्या बरण्या पुन्हा गोळा केल्या. कृती सोपी आहे, पण दोन-तीन गोष्टी मी हात पोळून शिकले, म्हणून सांगते. बी रात्रभर भिजत घालायची. बरणीला आतून टिपकागदाचं, नाहीतर जाडसर टिश्यूचं अस्तर लावायचं, मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद कोंबायचा म्हणजे अस्तर काचेला चिकटून राहतं. बी काच आणि अस्तर यांच्यामध्ये सरकवायची, बरणीच्या मध्यावर. तळाशी बोटभर पाणी. कागद ते वर ओढून घेतो. बी पाण्यात बुडता कामा नये. पहिल्या वर्षी मुलांनी प्रेमाने काठोकाठ पाणी भरलं, आणि तीन दिवसांनी वर्गात असा वास सुटला की शेजारच्या वर्गातून विचारणा आली. उगवताना बीला पाण्याइतकीच हवाही लागते. आता आमच्याकडे नियम आहे: बीला पिता येतं, पोहता येत नाही.

भिजलेल्या बिया दोन-तीन जास्तच घ्याव्यात, उघडून बघायला. घेवड्याची भिजलेली बी अंगठ्याने हलकेच दाबली की साल सुटून येते, ओल्या मोज्यासारखी. मग दोन दळं बाजूला करायची, पण सावकाश, पुस्तक उघडतो तशी. एका दळाच्या काठाशी, आतल्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चिकटलेलं असतं. भिंग धरलं की त्यात दोन पानं दिसतात. अगदी पानंच, शिरांसकट, एकावर एक मिटलेली. मी हे दर वर्षी बघते आणि दर वर्षी मीच आधी वाकते. बाहेरून खड्यासारख्या दिसणाऱ्या बीत पानं आधीपासून घडी घालून ठेवलेली असतात, हे कितीही वेळा पाहिलं तरी जुनं होत नाही.

एक सूचना, रागावून द्यायची तर इथेच देते. ह्या वयाची मुलं बी नाकात घालतात. कानातही घालतात. भिजलेली बी फुगते, त्यामुळे मोजून द्यावी आणि मोजून परत घ्यावी. घेवडा-राजमा कच्चा पोटात गेला तर उलट्या होतात. आणि कण्हेर, धोतरा, एरंड यांच्या बिया-फुलांना वर्गात अजिबात थारा देऊ नये, कितीही सुंदर दिसल्या तरी.

बरणीत सगळ्यात आधी काय आलं? मूळ. मुलांची साफ निराशा झाली. त्यांना पान हवं होतं. "ताई, उलटं आलं," एकजण म्हणाला. मग आम्ही त्याच्या सांगण्यावरून बरणीच उलटी केली, म्हणजे आडवी, कारण पाणी सांडलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा खाली निघालेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा वळलं. चार दिवसांत त्या मुळाचा जिना झाला.

"त्याला खाली कुठे आहे ते कसं कळतं?" हा प्रश्न आला, आणि तो फार जुना आहे. टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायततज्ज्ञाने 1806 साली बिया पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बांधून गरगरा फिरवत ठेवल्या. उगवल्या तेव्हा मुळं चाकाबाहेरच्या दिशेला गेली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे मूळ मातीला किंवा अंधाराला नव्हे, ओढीला ओळखतं. मुळाच्या टोपीतल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात ती बाजू खालची. मी मुलांना म्हटलं, त्याच्या टोकात वाळूसारखे बारीक दाणे आहेत, ते खाली घरंगळले की त्याला कळतं. एका मुलाने लगेच डोकं तिरकं करून आपल्या डोक्यात काही घरंगळतंय का ते पाहिलं. (आपल्याही कानाच्या आत तसे बारीक खडे असतात, तेव्हा तो फारसा चुकला नव्हता. पण त्या दिवशी मी ते मध्ये आणलं नाही.)

माझं दुसरं वाक्य पडलं ते मातीवरून. "झाड मातीतून जेवण घेतं," असं मी म्हणायचे. एका मुलीने मोठी कुंडी बघून विचारलं, "मग कुंडी रिकामी का होत नाही?"

हाच प्रश्न फान हेल्माँट नावाच्या वैद्याला पडला होता. त्याने 200 पौंड सुकवलेली माती कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं 169 पौंडांचं. माती पुन्हा सुकवून तोलली तर जेमतेम 2 औंस कमी. त्याने ठरवलं, झाड पाण्याचंच बनतं. हे प्रसिद्ध झालं 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याचं वजन करणं अचूक होतं, उत्तर अर्धवट. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबातच नव्हता. झाडाचं लाकूड, पानं, सगळं मुख्यतः हवा आणि पाणी यांचंच बनलेलं असतं. मातीतून जातात ते थोडे क्षार.

हे चार वर्षांच्या मुलांना सांगावं का? मी सांगते. "झाड हवा, पाणी आणि ऊन यांचं जेवण बनवतं. मातीतून चिमूटभर मीठ घेतं." हसतात. दोघांनी तोंड उघडून हवा खाऊन बघितली आणि पोट भरत नाही असं जाहीर केलं. तुमच्या अंगावर हिरवा रंग नाही ना, म्हटलं. खोटं सोपं वाक्य आणि खरं विचित्र वाक्य यांत मुलांना दुसरंच लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

रंगीत पाण्यात पांढरं फूल ठेवायचा प्रयोग सगळेच करतात, मीही करते, पाऊस असला की. पण त्याला मी फार भाव देत नाही. मुलं त्यातून "शाईने फूल रंगतं" एवढंच घेऊन जातात. खोडाचा आडवा काप काढून आतले रंगलेले ठिपके दाखवले तरच त्यात राम.

फुलांकडे आम्ही आलो तेव्हा मी आधी चित्रं काढून घेतली. वीसच्या वीस चित्रांत तेच फूल: मधे गोल, भोवती पाच पाकळ्या, गोलात हसरा चेहरा. मग प्रत्येकाला एक-एक जास्वंद दिली. साधी, पाच पाकळ्यांची, मुद्दाम. भरगच्च पाकळ्यांची जास्वंद शिकवायला उपयोगाची नाही, तिच्यातल्या पुष्कळशा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. साधीत सगळं उघड्यावर असतं. मधून बाहेर डोकावणारी लांब नळी, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि अगदी टोकाला पाच मखमली टिकल्या. पिवळ्याला बोट लावलं की बोट पिवळं. मग ते बोट टोकाच्या टिकलीला लावायचं. "चिकटलं!" पराग, पुंकेसर, कुक्षी हे शब्द मी सांगते, पाठ मात्र करून घेत नाही. मुलांना ते आवडतात, डायनासोरांची नावं आवडतात तशीच.

पाकळ्या काढून तळाचा हिरवा फुगवटा नखाने उघडला की आत पांढरे बारीक मणी. "ह्या बिया होणार." पण आमच्या जास्वंदीला कधी बी धरलीच नाही. बागेतल्या पुष्कळ जास्वंदींचं तसंच असतं, त्या फांदी लावून वाढवतात. मुलं रोज चौकशी करायची. मी तर बोलून बसले होते! शेवटी भेंडीचं फूल मदतीला आलं. तीच नळी, तीच घडण, फक्त पाकळ्या फिकट पिवळ्या आणि पोटाशी गडद डाग. जास्वंद आणि भेंडी एकाच कुळातल्या. भेंडीचं फूल एका दिवसात मिटतं, गळतं, आणि मागे उरलेला फुगवटा लांबत जातो. आडवी कापली तर पाच खोल्या आणि खोलीखोलीत मणी. जास्वंदीत दिसलेले तेच.

झेंडूने माझं उरलंसुरलं ज्ञान काढलं. "पाकळ्या मोजा," म्हटलं. मुलांनी एकेक उपटून दहा-दहाच्या ढिगाऱ्या केल्या. तेवीस ढिगाऱ्यांनंतर मी हात टेकले. तेवढ्यात उकऱ्याने एक पाकळी माझ्या नाकासमोर धरली. "हिला खाली काडी आहे." प्रत्येक पाकळीखाली बारीक काडी होती. तीच पुढे वाळून काळी होते आणि झेंडूची बी म्हणून आपण पेरतो. म्हणजे ती पाकळी नव्हे, अख्खं फूल. झेंडू म्हणजे एका देठावर दाटीवाटीने बसलेली शेकडो फुलं. सूर्यफुलाचंही तेच. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरीही मी "पाकळ्या मोजा" म्हटलंच होतं.

आणि फूल कोणासाठी, यावर मोठं भांडण झालं. "आपल्यासाठी" असं बहुमत होतं. मधमाशीसाठी, म्हटल्यावर एक मुलगी खरोखर दुखावली. "माशीला रंग कळतो का?" तिने तोऱ्यात विचारलं. कळतो. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने 1914 साली दाखवून दिलं: निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना सवय लावली, मग साखर काढून तो कागद करड्या कागदांत मिसळला, तरी माश्या निळ्यावरच आल्या. लाल मात्र त्यांना आपल्यासारखा दिसत नाही, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील त्यांना दिसतो. "मग लाल जास्वंद कोणासाठी?" पक्ष्यांसाठी, बरेचदा. यावर ती थोडी शांत झाली. पक्षी तिला चालत होते.

शेवटी पुन्हा चित्रं काढली. हसरे चेहरे कमी झाले नाहीत, पण सात-आठ फुलांना नळ्या आल्या. एका फुलाला खाली अंधारी खोली होती आणि खोलीत मणी.

'किंडरगार्टन' हे नाव फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1840 मध्ये दिलं, त्याचा अर्थ मुलांची बाग. त्याच्या बागेत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असायचा. आपल्या 'बालवाडी'तही वाडी आहेच. आमच्या वाट्याला एक खिडकी आहे. तीत वीस पेले मावत नाहीत, तेव्हा काही पेले पुढे घरी गेले. उकऱ्याचा मात्र राहिला. मोडक्या कोंबानंतर त्याला दुसरी बी दिली होती, आधी बरणीत, मग मोठ्या कुंडीत. साधारण सहा आठवड्यांनी तिला पांढरी फुलं आली. त्याने आणि मी मिळून पराग लावायला म्हणून ब्रश वगैरे फिरवला, पण घेवड्याला त्याची गरज नसते, कळी उमलायच्या सुमारासच त्याचं आतल्या आत उरकलेलं असतं. तीन शेंगा धरल्या. आपण त्या वाळेपर्यंत ठेवू, म्हटलं, आणि ह्या वेळी त्याने बोट लावलं नाही. फक्त रोज येऊन हलवून बघायचा.

ज्या दिवशी एक शेंग खुळखुळली त्या दिवशी त्याने ती स्वतः फोडली. आत पाच बिया. त्याने त्या बाकावर एका ओळीत मांडल्या, एकेक उचलून खिडकीकडे धरली, उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ह्यातली माझी कुठली?"

"सगळ्या तुझ्याच."

"नाही. मी लावली होती ती."

ती संपली रे, असं मी म्हणणार होते. तोवर तो कुंडीपाशी गेला होता आणि बुंध्याशी बोट घालून उकरायला लागला होता.